बिनटाक्याची जखम आणि जंतुसंसर्गाची भीती: मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला लोक पहिल्यांदा विचारतात ते "टाके किती?" आणि उत्तर "एकही नाही" असं आलं, की ऐकणाऱ्याला वाटतं जखमही नसेल. जखम असते. ती कशी बंद राहते आणि कधी बंद राहत नाही, एवढं कळलं की पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. म्हणून प्रश्नांची सुरुवात तिथूनच केली आहे.

टाका नाही, मग जखम बंद कशी राहते?

फेको पद्धतीत, म्हणजे अल्ट्रासाउंडने थरथरणाऱ्या सुईने मोतीबिंदू फोडून ओढून काढतात त्या पद्धतीत, चीर साधारण 2.2 ते 2.8 मिलिमीटर रुंद असते. ती कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यात, अगदी कडेला घेतात. हा पडदा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. पण चीर सरळ आरपार घेत नाहीत. पात्याचं टोक पडद्याच्या जाडीतून तिरकं पुढे सरकवत नेतात आणि दीड-दोन मिलिमीटर गेल्यावर आत उतरवतात. तयार होतो तो एक चपटा बोगदा, वरची झडप आणि खालची झडप असलेला.

डोळ्याच्या आत कायम थोडा दाब असतो. तो खालची झडप वरच्या झडपेवर दाबून धरतो. आतून माणूस टेकून उभा राहिला की कडी नसलेलं दारही उघडत नाही, तसं समजा. कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी पडद्यातलं पाणी सतत बाहेर काढत असतात, त्या ओढीनेही दोन्ही झडपा एकमेकींना चिकटतात. शिवाय ऑपरेशन संपताना सर्जन बारीक नळीने चिरेच्या दोन्ही बाजूंना सलाईनसारखं द्रावण टोचतात. तेवढा भाग फुगतो, पांढुरका दिसतो आणि चीर घट्ट मिटते. पुढच्या काही दिवसांत ही सूज उतरते.

मेख इथे आहे. दार बंद आहे ते माणूस टेकून आहे तोवर. डोळ्यातला दाब फार उतरला तर झडपा सैल पडतात, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत दाब उतरण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

माझ्या शेजाऱ्यांना टाका नाही, मला मात्र घातला. माझ्या ऑपरेशनमध्ये काही बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. चीर मोठी करावी लागली, शेवटी तपासताना थेंबभर पाणी झिरपताना दिसलं, भिंगामागचा पडदा फाटून आतला जेलीसारखा द्रव पुढे आला, किंवा रुग्ण डोळा चोळल्याशिवाय राहणार नाही अशी शंका आली, तर टाका घालतात. फेकोची सुई तापून चिरेच्या कडा भाजल्या असतील तर टाका घालावाच लागतो, कारण भाजलेली कड आक्रसते आणि झडप पुन्हा नीट बसत नाही. लहान मुलांच्या डोळ्याची भिंत लवचीक असते, चीर आपोआप मिटत नाही, त्यामुळे मुलांना टाका घालण्याचाच रिवाज आहे.

माझं मत विचाराल तर टाका घालायला कचरणाऱ्या सर्जनपेक्षा शंका येताच टाका घालणारा बरा. "बिनटाक्याचं ऑपरेशन" हे जाहिरातीत छान दिसतं, पण झिरपणारी चीर तशीच ठेवून घरी पाठवण्यात कसलंही कौशल्य नाही.

टाक्याचा नायलॉनचा धागा एका मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतका जाड असतो, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. टाका जास्त घट्ट बसला तर कॉर्नियाचा आकार ओढला जातो आणि सिलिंड्रिकल नंबर येतो. असा टाका काही आठवड्यांनी काढून टाकतात. थेंबाने डोळा बधिर करून तपासणीच्या यंत्रावरच हे होतं, दोन मिनिटांचं काम.

जुन्या पद्धतीत चीर मोठी असायची. आता छोटी, म्हणजे धोकाही कमी?

इतकं सरळ गणित नाही. जुन्या पद्धतीत दहा-बारा मिलिमीटरची चीर घेऊन ती अनेक टाक्यांनी शिवत असत. मधल्या, कमी खर्चाच्या आणि आजही भरपूर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरचा बोगदा डोळ्याच्या पांढऱ्या भागातून काढतात आणि तोही बहुधा बिनटाक्याचा असतो. तो रुंद असला तरी लांबही असतो, वर पातळ त्वचेचं पांघरूण येतं आणि तिथे रक्तवाहिन्या असल्याने जखम चांगली भरते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, वर पांघरूणही नाही. 1990 च्या दशकात कॉर्नियातल्या चिरेची पद्धत सर्वत्र पसरली, तेव्हा जंतुसंसर्ग वाढतो की काय यावर नेत्रतज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. त्यातून एक गोष्ट बहुतेकांना पटली: चिरेच्या रुंदीइतकाच तिचा घाट महत्त्वाचा आहे. बोगदा आखूड पडला किंवा कडा फाटल्या, तर दोन मिलिमीटरची चीरही दगा देते.

चीर झिरपत नाही ना, हे डॉक्टर कसं पाहतात?

सर्जन डोळ्यात द्रावण भरून दाब नेहमीइतका आणतात, चिरेजवळ कोरडा स्पंज टेकवतात आणि हलकेच दाबून पाहतात. अजून खात्री हवी असेल तर फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग चिरेवर लावून निळ्या प्रकाशात बघतात. आतून पाणी येत असेल तर त्या रंगातून हिरवट ओहोळ उतरताना दिसतो. याला सायडेल चाचणी म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीतही हीच चाचणी करता येते.

तिची एक मर्यादा आहे. आतून बाहेर झिरपणं दिसतं, बाहेरून आत शोषलं जाणं दिसत नाही. दान केलेल्या डोळ्यांवर प्रयोगशाळेत असे प्रयोग झाले आहेत: बिनटाक्याच्या चिरेवर काळी शाई ठेवली आणि डोळ्यातला दाब कमी-जास्त केला, तर काही डोळ्यांत शाई चिरेतून आत गेलेली आढळली. वरवर कोरडी दिसणारी चीर दाब खाली-वर झाला की तोंड उघडू शकते. हे पुढे डोळा चोळण्याच्या प्रश्नात पुन्हा येईल.

जंतू येतात कुठून? ऑपरेशन थिएटर अस्वच्छ होतं का?

एकट्यादुकट्या रुग्णाला संसर्ग झाला तर जंतू बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्याच पापण्यांवरचे असतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि त्याचे भाऊबंद आपल्या कातडीवर आणि पापण्यांच्या मुळाशी गुण्यागोविंदाने राहतात. बाहेर निरुपद्रवी, आत गेले तर उपद्रवी. प्रयोगशाळेत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 70 टक्क्यांत याच कुळातले जंतू मिळाल्याचं एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं.

ऑपरेशन नीट झालेल्या डोळ्यांतही शेवटी पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात थोडे जंतू सापडतात, तरी संसर्ग होत नाही. कारण ते पाणी सतत वाहतं, बदलतं आणि जंतू धुऊन जातात. मागच्या कप्प्यातला जेलीसारखा द्रव मात्र साचलेला असतो आणि तिथे जंतूंना रान मोकळं मिळतं. भिंगामागचा पातळ पडदा फाटला की धोका कित्येक पटींनी वाढतो तो यामुळे.

एकाच दिवशी, एकाच ठिकाणी अनेकांना संसर्ग झाला तर गोष्ट वेगळी. तिथे संशय एखाद्या सामाईक गोष्टीवर जातो: डोळ्यात सोडलेलं द्रावण, जेल, यंत्राच्या नळ्या किंवा नीट न चाललेलं ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र. अशा वेळी ऑपरेशनं थांबवून कारण शोधणं हाच मार्ग असतो.

हे होण्याची शक्यता नेमकी किती?

डोळ्याच्या आत होणाऱ्या या संसर्गाला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात. आजच्या चांगल्या केंद्रांत तो हजारात एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. म्हणजे भीतीने ऑपरेशन टाळावं इतका नाही, पण "आपल्याला काय होतंय" म्हणत थेंब विसरावेत इतका नगण्यही नाही.

ऑपरेशनआधी डोळ्यात घातलेलं ते तपकिरी औषध फार चुरचुरलं. ते गरजेचं होतं का?

होय. संसर्ग टाळण्यासाठी आपल्या हाती असलेल्या साधनांत पोव्हिडोन आयोडीन हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं. पापण्यांच्या कातडीवर 10 टक्क्यांचं आणि डोळ्यात 5 टक्क्यांचं, आणि घातल्यावर तीनेक मिनिटं थांबायचं. ती तीन मिनिटं घाई करणाऱ्याला फार लांब वाटतात, पण तीच कामाची असतात. बधिर करणारं जेल आयोडीनच्या आधी घातलं तर त्याचा थर बसतो आणि आयोडीन जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

मासे-कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, हा गैरसमज आहे. आयोडीनने खरंच त्रास झाला असेल तर आधी सांगा. डोळ्याला चालेल असं क्लोरहेक्सिडीनचं पातळ द्रावण हा पर्याय असतो.

ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यातच अँटिबायोटिक सोडतात म्हणे. मग थेंब कशाला?

युरोपातल्या 24 केंद्रांत सोळा हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. 2007 साली त्याचा निष्कर्ष आला: शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात 1 मिलिग्रॅम सेफ्युरोक्झिम सोडलं तर संसर्गाचं प्रमाण सुमारे पाचपट घटतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहाने सहा लाखांवर ऑपरेशनांची आकडेवारी मांडली. मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडायला लागल्यावर तिथलं प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आलं. व्हॅन्कोमायसिनही काही ठिकाणी असंच वापरत. पण त्यानंतर काही रुग्णांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या (रेटिनातल्या) रक्तवाहिन्या बंद होऊन नजर गेल्याचं आढळलं, आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. प्रतिबंधासाठीचा त्याचा वापर त्यानंतर मागे पडला.

याच युरोपीय अभ्यासात अँटिबायोटिक थेंबांचा वेगळा फायदा ठोसपणे दिसला नाही. म्हणून काही सर्जन आता ते कमी दिवस देतात, काही देतच नाहीत. पण तुमच्या चिठ्ठीवर लिहिले असतील तर परस्पर बंद करू नका. त्यांच्यासोबतचे स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच एकदम थांबवू नका, ते सूज उतरवण्यासाठी असतात आणि हळूहळूच कमी करायचे असतात.

मग पोटातून अँटिबायोटिक गोळ्या?

नेहमीच्या ऑपरेशनला गरज नसते.

धोका कोणाला जास्त असतो?

मधुमेह काबूत नसलेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना, पापण्यांच्या कडांना कोंडा किंवा सूज असलेल्यांना, आणि नाकाजवळची अश्रूंची पिशवी तुंबून पू येत असलेल्यांना. शेवटच्या दोन गोष्टींवर ऑपरेशनआधी उपचार होऊ शकतात आणि व्हायलाच हवेत. तारखेच्या सुमारास रांजणवाडी आली किंवा डोळे आले, तर लपवू नका. तारीख पुढे ढकलल्याने मोतीबिंदू पळून जात नाही.

डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, असं किती दिवस? आणि का?

चोळण्याबद्दल आधी. बोटाने डोळा दाबला की आतला दाब एकदम वाढतो. बोट काढलं की तो मूळच्या पातळीच्याही खाली जातो आणि खरी अडचण त्या क्षणी होते: झडपा सैल पडतात आणि बाहेरचा अश्रूंचा थर, त्यातल्या जंतूंसकट, आत खेचला जाऊ शकतो. वर शाईच्या प्रयोगात हेच झालं. झोपेत हात नकळत डोळ्याकडे जातो, म्हणून रात्रीचं प्लास्टिकचं झाकण. पहिला आठवडा तरी ते लावाच, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस.

नळाचं, विहिरीचं, तलावाचं कुठलंच पाणी निर्जंतुक नसतं. गळ्याखाली अंघोळ पहिल्या दिवसापासून चालते. डोकं धुवायचं तर मान मागे टाकून, दुसऱ्या कोणाकडून. चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसा, डोळा सोडून. पोहणं काही आठवडे बंद.

खोकला, शिंक यांनी घाबरून जाऊ नका, नीट बसलेली चीर तेवढं सहन करते. शिंक दाबून मात्र धरू नका. टीव्ही, मोबाइल, वाचन यांचा जखमेशी काहीही संबंध नाही, तरी हा प्रश्न रोज येतो.

थेंब घालताना काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते बाटलीचं टोक. ते पापणीला किंवा बोटाला टेकलं की बाटलीच जंतूंचं घर होते. हात साबणाने धुवा, खालची पापणी ओढा, बाटली वरून अधांतरी धरा, एकच थेंब. वरची पापणी ओढताना डोळ्यावर दाब देऊ नका. दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटं ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. हात थरथरत असतील तर घरातल्या कोणाला सांगा, यात कमीपणा नाही.

कुठली लक्षणं दिसली की लगेच जायचं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर. ऑपरेशननंतर थोडं खुपणं, पाणी येणं, पांढऱ्या भागात लाल डाग, उजेड टोचणं हे सर्वसाधारण आहे आणि दिवसागणिक कमी होत जातं. संसर्गात उलट होतं. चांगली होत असलेली नजर पुन्हा अंधूक होते, बहुतेकदा दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, पण सहा आठवड्यांपर्यंत कधीही.

लोक दुखण्याची वाट बघतात, आणि घोळ होतो तो याच वाट बघण्यात. वर उल्लेखलेल्या अमेरिकी अभ्यासात संसर्ग झालेल्यांपैकी 94 टक्क्यांची नजर अंधुकली होती, 82 टक्क्यांचा डोळा लाल होता, पण दुखत होतं फक्त 74 टक्क्यांना. म्हणजे चारातल्या एकाला दुखलंच नाही. "दुखत नाही, म्हणजे ठीक असेल" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे तितक्या वेळा मला धास्ती वाटली आहे.

घरच्या घरी एक करा. रोज सकाळी त्याच खुर्चीवर बसून, दुसरा डोळा तळहाताने झाकून, भिंतीवरच्या त्याच घड्याळाकडे किंवा कॅलेंडरकडे बघा. काल आकडे दिसत होते आणि आज दिसत नाहीत, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी, सुट्टी असली तरी, पुढची तारीख परवाची असली तरी. पापणी सुजली, चिकट पू आला, ठणका लागला किंवा डोळ्यापुढे काळे ठिपके आणि जाळं वाढलं, तरी तेच. निघण्याआधी उरलेले थेंब जास्त वेळा घालून बघू, हा विचारही नको.

दुसऱ्याच दिवशी नजर अगदी धूसर झाली. हा संसर्गच का?

कदाचित नाही. ऑपरेशननंतर 12 ते 48 तासांत कॉर्निया एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुजून धुरकट झाला आणि फारसं दुखत नसेल, तर ती बिनजंतूंची, एखाद्या द्रावणाच्या किंवा उपकरणावर राहिलेल्या अंशाच्या विषारी परिणामाने आलेली सूज असू शकते. तिच्यावर स्टेरॉइडचा मारा करतात. दोन्हींत फरक करणं घरी शक्य नाही, डॉक्टरांनाही कधी कधी अवघड जातं.

संसर्ग झालाच तर काय करतात?

डोळ्याच्या मागच्या कप्प्यातला थोडा द्रव तपासणीला काढतात आणि त्याच वेळी तिथे अँटिबायोटिकची इंजेक्शनं देतात, बहुधा व्हॅन्कोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम. वर ज्या व्हॅन्कोमायसिनबद्दल इशारा आहे तेच हे औषध, पण इथे संसर्ग समोर उभा असतो, त्यामुळे हिशेब बदलतो. तपासणीच्या अहवालासाठी इंजेक्शन थांबवत नाहीत.

तो अमेरिकी अभ्यास 1995 चा, 420 रुग्णांचा. नजर फक्त उजेड-अंधार कळण्याइतकी उतरली असेल तर आतला सगळा द्रव काढण्याची व्हिट्रेक्टॉमी लगेच करण्याचा स्पष्ट फायदा त्यात दिसला. हात हलताना दिसण्याइतकी नजर असेल तर इंजेक्शनांनीही तेवढंच साधलं. नऊ महिन्यांनंतर निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांची नजर 6/12 (सामान्य नजर 6/6 धरतात) किंवा त्याहून चांगली होती. उरलेल्यांपैकी काहींनी मात्र बरीच नजर गमावली. जंतू कोणता आणि रुग्ण किती लवकर पोहोचला, यावर बरंच ठरतं.

जखम पूर्ण भरायला किती दिवस लागतात?

वरचा पातळ थर एक-दोन दिवसांत चीर झाकतो. आतल्या थरांना आठवडे-महिने लागतात आणि ती जागा मूळ ताकदीला पूर्णपणे कधीच येत नाही. लहान चिरेच्या बाबतीत रोजच्या आयुष्यात याने काही फरक पडत नाही. पूर्वीचं मोठ्या चिरेचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याला मात्र जोराचा मार बसला, तर जुनी जखम कित्येक वर्षांनीही उघडू शकते.

दोन्ही डोळे एकाच दिवशी केले तर?

काही ठिकाणी करतात. अट अशी की दुसरा डोळा म्हणजे नवीन रुग्ण समजायचा: हातमोजे, उपकरणं, आच्छादनं सगळी नवी, आणि शक्यतो द्रावणं व जेलसुद्धा वेगळ्या बॅचची. पहिल्या डोळ्यात गुंतागुंत झाली तर दुसरा त्या दिवशी करायचा नाही. तुमचं केंद्र हे पाळतं का, हे विचारायला संकोचू नका.

ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं. आता डोळा लाल झाला तर त्याचा संबंध असेल का?

असू शकतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा संथ जंतू नवं भिंग ज्यात बसवतात त्या पिशवीत दडून राहतो आणि महिन्यांनी हळूहळू सूज आणतो. स्टेरॉइडच्या थेंबांनी ती उतरते, थेंब थांबवले की परत येते. पिशवीवर पांढरा थर दिसला की डॉक्टरांना शंका येते.

दुसरं कारण साधं आहे. टाका घातला होता आणि काढला नाही, तर नायलॉन एक-दोन वर्षांत झिजून तुटतो. तुटलेलं टोक वर येतं, पापणीला टोचतं, त्यावर चिकट स्राव साचतो आणि तिथून कॉर्नियाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. डोळ्यात कण गेल्यासारखं सतत एकाच जागी खुपत असेल, तर तो कण शोधत पाण्याचे हबके मारत बसू नका. डॉक्टरांना "मला टाका घातला होता" एवढं आवर्जून सांगा. तुम्हाला टाका होता की नाही हे आठवत नसेल, तर डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. तो कागद जपून ठेवा.